गोल्फच्या क्लबांची पेटी

आमच्या वार्षिकाच्या मराठी विभागाकरितां कांहीं तरी लिहून द्यावें, असा संपादक-विद्यार्थ्यांचा आग्रह झाला, व माझ्या सोयीसाठीं त्यांनीं तीन विषयहि सुचविले: 'वेळेचें महत्त्व', 'वाचनाचे फायदे' आणि 'माझा विमानप्रवास'. पहिल्या दोन विषयांवर या पृष्ठांत आजवर इतकें लिहिलें गेलें आहे कीं, त्यांत भर घालावी असें मजजवळ कांहीं उरलेलें नाहीं. तिसऱ्याविषयीं म्हणाल, तर माझे दोन-तीन विमानप्रवास इतके सुखरूप पार पडले कीं, त्यांचें वर्णन वाचून कोणासहि झोंप यावी. परंतु गतवर्षीं दुसऱ्याच कोणाच्या विमानप्रवासाच्या तयारींत माझे सुमारें तीन आठवडे गेले, आणि त्या तयारींतला मुख्य भाग एक पेटी निवडणें हा होता. त्या पेटीविषयींच लिहितों.

पेटी गोल्फच्या क्लबांची होती. गोल्फ हा खेळ मी स्वतः कधींहि खेळलों नाहीं, व या वयांत खेळूं लागेन असा रंगहि दिसत नाहीं. तरी पण त्या पेटीनें मला इतक्या गोष्टींचा विचार करावयास लाविलें कीं, पदार्थविज्ञानाचे चार तास तिच्यावर सहज घेतां आले असते. खरें सांगावयाचें तर दोन तास मीं घेतलेहि.

ज्या वाचकांनीं हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. गोल्फमध्यें चेंडू मारण्याच्या काठीला क्लब म्हणतात. क्लब एकच नसतो. लांब पल्ल्यासाठीं ड्रायव्हर, मधल्या अंतरासाठीं चपट्या पात्याचे निरनिराळे आयर्न, वाळूंतून चेंडू उडविण्यासाठीं वेज, आणि शेवटीं तो भोंकांत ढकलण्यासाठीं पटर, असा हा परिवार असतो. एका खेळाडूनें एका फेरींत अधिकांत अधिक १४ क्लब न्यावे असा नियम आहे. तो अमेरिकेंत १९३८ सालीं व ब्रिटनमध्यें १९३९ सालीं झाला. त्यापूर्वीं कांहीं मंडळी वीस-पंचवीस क्लब घेऊन मैदानावर उतरत. अर्थात् ते क्लब त्यांच्या खांद्यावर नसत. ते कॅडीच्या खांद्यावर असत. 'कॅडी' हा शब्द धाकटा मुलगा या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. घरांतलें ओझें धाकट्यानें उचलावें, ही रीति कांहीं आपल्याच देशांत नाहीं, एवढें त्यावरून दिसतें.

आमच्या नववीच्या वर्गांत गतवर्षीं असलेल्या एका मुलीचे वडील पुण्यांतील एका गोल्फ-मैदानावर वीस वर्षांहून अधिक काळ कॅडीचें काम करीत आहेत. सोमवारीं मैदान सभासदांस बंद असे. त्या दिवशीं कॅडींना खेळण्याची मुभा असे, व ही मुलगी लहानपणापासून त्यांच्या मागें मागें जाई. प्रथम ती चेंडू शोधून देई. पुढें एका तुटक्या आयर्नचा दांडा कापून वडिलांनीं तिच्या उंचीचा क्लब करून दिला. तिचा हात पाहून मैदानावरील जाणत्या लोकांनीं तिला शिकविलें, आणि एका वृद्ध सभासद बाईंनीं गुडघेदुखीमुळें खेळ सोडतांना आपला दहा क्लबांचा संच तिला देऊन टाकला. कोलकात्यास मुलींच्या कनिष्ठ गटाच्या एका स्पर्धेंत खेळण्याची संधि तिला मिळाली ती याच संचाच्या बळावर.

स्थळहि मोठें योग्य मिळालें होतें. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ सालीं स्थापन झाला. ब्रिटिश बेटांबाहेर इतका जुना गोल्फ क्लब दुसरा नाहीं, असें मानितात. त्याच क्लबांत हिरवळ राखणाऱ्या एका कामगाराचा मुलगा एस. एस. पी. चौरसिया यानें पुढें २०१६ व २०१७ अशीं लागोपाठ दोन वर्षें इंडियन ओपन जिंकली. त्याच्याहि आधीं, १९९१ सालीं, ती स्पर्धा जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीच्या मैदानावर कॅडीचें काम करूनच वर आला होता. या दोघांचीं नांवें मला ठाऊक नव्हतीं; तीं मला त्या मुलीच्या वडिलांनीं सांगितलीं, आणि सांगतांना त्यांच्या आवाजांत असें कांहीं होतें कीं, मीं तीं लगेच टिपून ठेविलीं.

सहामाही परीक्षा शनिवारीं संपत होती व सोमवारीं सकाळीं तिला तेथील मैदानावर हजर व्हावयाचें होतें. आगगाडीचा प्रवास एका दिवसा-रात्रीहून अधिक. शिवाय रेल्वेच्या नियमाप्रमाणें १०० सेंटिमीटरांहून लांब ट्रंक अथवा पेटी डब्यांत नेतां येत नाहीं, ती ब्रेकव्हॅनमध्यें नोंदवावी लागते. म्हणजे क्लब आपल्या डोळ्यांआड जावयाचे ते तेथेंहि जाणारच. तेव्हां शाळेच्या क्रीडानिधींतून बाप-लेकींचीं विमानाचीं तिकिटें काढण्याचें ठरलें. दोघांचाहि हा पहिलाच विमानप्रवास होता.

त्यानंतर एके दिवशीं शाळा सुटल्यावर तिचे वडील प्रयोगशाळेच्या दाराशीं येऊन उभे राहिले. मीं बसावयास सांगितलें तरी ते बसेनात.

"सर, पोरीचे क्लब विमानांत कशांत घालून न्यायचे तें तुम्ही मोजून सांगा," ते म्हणाले. "दुकानवाला त्याची पेटी खपवायचं बघणार. तुम्हांला कांहीं खपवायचं नाहीं."

"पण मला गोल्फमधलें कांहीं कळत नाहीं हो," मीं म्हटलें.

"गोल्फचं मला कळतं. वजनाचं अन् मापाचं तुम्हांला कळतं."

कामाची ही वांटणी मला पसंत पडली.

क्लब विमानांत प्रवाशाजवळ ठेवूं देत नाहींत. हातसामानांत मना असलेल्या वस्तूंत त्यांची गणना आहे. म्हणून ते विमानाच्या पोटांतच जावयाचे. तेथवर पोंचेपर्यंत पेटी पट्ट्यावरून सरकते, वळणावर आपटते, गाडींत इतर सामानाखालीं दबते, आणि शेवटीं कोणी तरी घाईनें तिला उचलून टाकतो. टाकणाऱ्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. एकेका विमानाला शेंकडों नग थोडक्या मिनिटांत चढवावयाचे असतात. प्रश्न एवढाच कीं, अशा वाटेवर क्लब मोडतो तो कोठें? या प्रश्नाचें उत्तर वडिलांनीं प्रयोगशाळेंतील पट्टी हातांत घेऊन दिलें. "इथं, मानेला," पट्टीच्या टोंकाखालीं बोट ठेवून ते म्हणाले. "डोकं जड, दांडा हलका. बॅग डोक्यांच्या बाजूनं पडली कीं मान जाते. आणि आधीं जातो तो ड्रायव्हर, कारण तोच सगळ्यांच्या वर निघालेला असतो."

पूर्वीं दांडे हिकरी नांवाच्या लांकडाचे असत. पोलादी दांड्यांना ब्रिटनमधील नियामक मंडळानें १९२९ सालीं मान्यता दिली. ग्रॅफाइट म्हणजे कार्बनच्या तंतूंचे दांडे १९७० नंतरच्या दशकांत आले. पोलाद वांकतें; वांकलेलें दिसतें तरी. ग्रॅफाइट हलकें व लवचीक खरें, पण आडवा घाव बसला कीं तें आंतल्या आंत चिरतें, आणि ती चीर कधीं कधीं मैदानावर ऐन फटक्याच्या वेळींच प्रकट होते. बाईंनीं दिलेल्या संचांत पटर सोडून सर्व दांडे ग्रॅफाइटचे होते. अलीकडच्या पुष्कळ ड्रायव्हरांचें डोकें एका लहानशा पान्यानें सोडवून वेगळें नेतां येतें. हा ड्रायव्हर जुना. त्याचें डोकें डिंकासारख्या पक्क्या लुकणानें कायमचें बसविलेलें. तो जसा आहे तसाच न्यावयाचा होता.

आतां माझ्या मनांत प्रथम काय आलें तें सांगतों. मी नगर जिल्ह्यांतल्या एका खेड्यांतून मिशनच्या बोर्डिंगांत शिकावयास आलों, तेव्हां वडिलांनीं मला पत्र्याची एक ट्रंक घेऊन दिली होती. एस. टी.च्या टपावरून ती अनेक वेळां पडली, तिचा एक कोंपरा चेपला, पण तिच्यांतली शाईची दौत कधीं फुटली नाहीं. पत्र्याच्या ट्रंकेवर माझी जी श्रद्धा आहे ती तेव्हांपासूनची. तेव्हां पेठेंतल्या एका ट्रंका करणाऱ्या कारागिराकडे मी स्वतः जाऊन आलों. त्यानें चार फूट लांबीच्या पेटीचें माप घेतलें, पत्रा दाखविला, आणि तयार पेटीचें वजन विचारतांच शांतपणें सांगितलें, "अकरा किलो तरी होईल, साहेब."

हें वजन ऐकून मीं क्लब तराजूवर घालावयाचे ठरविलें. प्रयोगशाळेंतील मोठ्या तराजूवर दहा क्लब ३ किलो ७०० ग्रॅम भरले. ते ठेवण्याची खांद्यावरची हलकी पिशवी २ किलो. एका चेंडूचें वजन नियमानें ४५.९३ ग्रॅमांहून अधिक असतां कामा नये. तेव्हां डझनभर चेंडू अर्ध्या किलोहून थोडे अधिक. बूट पाऊण किलो. एकूण ७ किलो. आपल्या देशांतल्या देशांत साधारण तिकिटावर विमानाच्या पोटांत न्यावयाच्या सामानास बहुधा १५ किलोंची मर्यादा असते. सातांत अकरा मिळविले कीं अठरा! म्हणजे तिचे कपडे बाजूलाच राहिले, नुसत्या पेटीपायींच तीन किलोंचा दंड भरावा लागणार. अशा रीतीनें पत्र्याची ट्रंक शर्यतींतून बाद झाली. मला वाईट वाटलें हें नाकारीत नाहीं.

मग आम्ही तिघें कँपांतील एका खेळाच्या सामानाच्या दुकानांत गेलों. दुकानदारानें प्रथम कठीण प्लॅस्टिकची पेटी पुढें केली. काळी, चकचकीत, शिंपल्याप्रमाणें दोन भागांत उघडणारी, पितळी रंगाचीं कुलुपें लावलेली. किंमत अठरा हजार रुपये. दुकानदार तिच्यावर चक्क बसून दाखवूं लागला. ती पेटी पाहून मुलीच्या तोंडावर जें आलें तें मीं पाहिलें, आणि तिच्या वडिलांनींहि पाहिलें. त्यांच्या खिशांत नऊ हजार होते.

दुसऱ्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींत ही गोष्ट निघाली तेव्हां सहकाऱ्यांनीं तत्काळ वर्गणीची यादी सुरू केली. सायंकाळपर्यंत सात हजार जमण्याचा रंग दिसूं लागला. हें मीं वडिलांना कळविलें, तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

"सर, क्लब बाईंनीं दिले, तिकीट शाळेनं दिलं," शेवटीं ते म्हणाले. "मीं नाहीं म्हटलं नाहीं. पण वीस वर्षं मीं लोकांचं सामान सांभाळलं. एवढं पोरीचं सामान सांभाळायचं काम माझ्याकडं राहूं द्या. नऊ हजारांत जें बसेल तें बघूं."

यादी मीं सहकाऱ्यांना परत केली. एकदोघांना तें आवडलें नाहीं. गरिबाला मान नको, सामान हवें, असा कांहीं लोकांचा समज असतो. तो माझा नाहीं.

तेव्हां प्रश्न असा उरला: नऊ हजारांच्या आंतली मऊ कापडी पेटी त्या अठरा हजारांच्या कठीण पेटीइतकें रक्षण करील काय? हा प्रश्न मीं नववीच्या वर्गापुढें फळ्यावर मांडला. एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तु जमिनीला लागते तेव्हां तिचा वेग सेकंदाला सुमारें ४.४ मीटर, म्हणजे ताशीं जवळजवळ १६ किलोमीटर असतो. आतां ती किती अंतरांत थांबते यावर सर्व अवलंबून आहे. कठीण कवचाच्या आंत क्लब मोकळे असतील, तर कवच जमिनीवर थांबतें, पण आंतलीं डोकीं त्याच वेगानें पुढें जाऊन कवचावर आपटतात व एखाद्या २ मिलिमीटरांत थांबतात. एक मीटर पडून २ मिलिमीटरांत थांबणें म्हणजे वजनाच्या सुमारें ५०० पट जोर. ड्रायव्हरचें डोकें २०० ग्रॅम धरलें, तर त्या क्षणीं मानेवर १०० किलोंचा भार आला. तेंच डोकें ४ सेंटिमीटर जाडीच्या मऊ भरावांत हळूहळू थांबलें, तर २५ पट जोर, म्हणजे ५ किलोंचा भार. मान शंभर किलोंना जाईल, पांचांना जाणार नाहीं. याचा अर्थ कठीण पेटी वाईट असा नव्हे. तिच्या पोटांत भराव नीट असेल, तर वरच्या दाबापासून ती कापडी पेटीहून अधिक चांगलें रक्षण करते. परंतु तिचें वजन साडेपांच किलो होतें, घरीं ठेवावयास ती घडी होत नव्हती, आणि भराव तिच्यांतहि आपणच घालावयाचा होता.

"सर, मग पेटी पाहिजेच कशाला? गादींत गुंडाळून टाकूं कीं!" मागच्या बांकावरून एक आवाज आला. वर्ग हंसला, पण शंका वेडगळ नव्हती. मीं त्याला पुढें बोलावून गणित पुरें करावयास लाविलें. गादींत गुंडाळलेलें सामान उभें, डोक्यांच्या बाजूनें पडलें, तर थांबवावयाचें असतें तें एकट्या डोक्याचें वजन नव्हे. मागची सर्व पिशवी, चेंडू, बूट, कपडे असें दहा-अकरा किलोंचें ओझें त्याच टोंकावर येतें. भराव चेंदून जातो आणि सर्वांत लांब असलेला ड्रायव्हर खांबासारखा तें ओझें पेलूं पाहतो. तो खांब नाहीं. तेव्हां त्याच्याऐवजीं दुसरा कोणी खांब पाहिजे.

अशी वस्तु बाजारांत मिळते. एकांत एक सरकणाऱ्या नळ्यांची ती एक काठी असते. वरच्या टोंकाला रुंद टोपण. ती क्लबांच्या मधोमध उभी करावयाची व ड्रायव्हरहून दोन इंच उंच ठेवून पिळून घट्ट करावयाची. पेटी टोंकावर पडली कीं प्रथम काठीचें टोपण लागतें, भार तिच्यांतून सरळ पिशवीच्या तळाला जातो, व क्लब वांचतात. आमच्या मुलीचा ड्रायव्हर ४४ इंचांचा. काठी ४६ इंचांवर ठेवावयाची. या काठीचें वजन ६०० ग्रॅम होतें. माझ्या मतें सर्व पेटी-प्रकरणांत शहाणपणाची वस्तु हीच, आणि दुकानांत ती दाराआडच्या टोपलींत छत्र्यांबरोबर पडलेली होती.

कापडी पेट्या दुकानांत चार होत्या. त्यांतून एक निवडतांना वडिलांच्या हातांनीं माझ्या मापांपेक्षां अधिक काम केलें. कापडाचा दर्जा डेनियरमध्यें सांगतात. ९,००० मीटर लांब धाग्याचें ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. एका पेटीचें कापड ६०० डेनियरचें, दुसरीचें १,६८० चें. म्हणजे आमच्या शाळेपासून नऊ किलोमीटर धागा ताणला, तर पहिल्याचें ओझें सहाशे ग्रॅम व दुसऱ्याचें पावणेदोन किलोंच्या जवळपास. ही सर्व माहिती मीं दुकानांत दिली, व दुकानदार आदरानें ऐकत राहिला. वडिलांनीं मात्र पेटी उलटी करून तळ पाहिला. "कापड मागनं फाटतं, सर. आधीं उसवतो तो हा पट्टा." हाताचा पट्टा जेथें शिवला होता तेथें चौकोन व त्यांत फुली अशी शिवण आहे कीं नाहीं, तें त्यांनीं चारी पेट्यांत बोटानें तपासलें. दोघींत नुसती सरळ शिवण होती. त्या बाजूला झाल्या. चाकांचे खिळे बाहेर निघालेले नसावेत, तळाला घासटण्यासाठीं कठीण प्लॅस्टिकची पाटी असावी, चेन दोन्ही बाजूंनीं येऊन मध्यें कुलूप घेणारी असावी, वरच्या टोंकाशीं भराव दाबून बोटें एकमेकांस लागूं नयेत. अशा रीतीनें एक उरली. १,६८० डेनियरची, साडेतीन किलोंची, सात हजार दोनशेंची. काठीसह आठ हजार चारशें. एकूण वजन ११ किलो १०० ग्रॅम झालें, व कपड्यांना जवळजवळ चार किलो उरले. सहाशें रुपये परत खिशांत घालतांना ते मुलीला म्हणाले, "हे तिथं चहाला." ती चकचकीत काळी पेटी त्या वेळीं आमच्या मागेंच उभी होती, पण मुलीनें मान वळविली नाहीं.

बांधाबांध प्रयोगशाळेंतच झाली. क्लबांच्या डोक्यांना लोकरी टोप्या, वर टॉवेल, टॉवेलावर कपडे, आणि सर्व डोकीं एकत्र बांधणारी एक जुनी ओढणी. कपडे असे भरले कीं डोकीं जराहि हलूं नयेत. त्यामुळें पेटी व भराव यांचें वजन वेगळें मोजावें लागलें नाहीं. प्रत्येक क्लबाचें छायाचित्र घेऊन ठेविलें. परदेश-प्रवासासाठीं १९९९ चा माँट्रियल येथील करार आहे व भारत त्यांत २००९ सालीं सामील झाला. त्याप्रमाणें सामान मोडल्याची लेखी तक्रार तें हातीं आल्यापासून ७ दिवसांच्या आंत करावी लागते. आमचा प्रवास देशांतला असला तरी पुरावा जवळ असलेला बरा. पेटीची लांबी, रुंदी व उंची मिळून नेहमींच्या १५८ सेंटिमीटरांच्या मर्यादेबाहेर जात होती, म्हणून विमान कंपनीस आगाऊ फोन करून खेळाचें सामान म्हणून नोंद करून घेतली. माझ्या मुलानें आपली एक लहान शोधक चकती आंत टाकली. पेटी कोठें आहे हें तिच्यामुळें फोनवर दिसतें. २०२२ च्या उन्हाळ्यांत युरोपांतील विमानतळांवर सामानाचे ढीग साचले होते, तेव्हांपासून गोल्फ खेळणारे प्रवासी या चकत्यांवर फार विसंबूं लागले आहेत.

या सर्व खटाटोपांत मुलांना अधिक आवडली ती एक निराळीच हकीकत. ६ फेब्रुवारी १९७१ रोजीं अपोलो १४ च्या अॅलन शेपर्डनें चंद्रावर गोल्फचे दोन चेंडू मारले. त्यानें पृथ्वीवरून सबंध क्लब नेला नव्हता. त्यानें नेलें होतें सहा नंबरच्या आयर्नचें केवळ डोकें. दांडा म्हणून चंद्रावरची माती गोळा करण्याच्या घडीच्या अवजाराची दांडी त्यानें वापरली. "म्हणजे सर, त्याला काठी नको, पेटी नको," एक मुलगी म्हणाली. त्या काठी-पेटीवरच मागच्या महिन्यांत तिला पांचपैकीं पांच गुण मिळाले होते.

कोलकात्याच्या विमानतळावर पेटी नेहमींच्या पट्ट्यावर आली नाहीं. लांब सामान निराळ्या दारानें आणून देतात हें मीं त्यांना सांगून ठेविलें होतें, तरीहि चाळीस मिनिटें बाप-लेक त्या बंद दारासमोर उभीं होतीं. मुलीच्या हातांतल्या फोनवर चकती 'जवळच' म्हणून दाखवीत होती. वडील फोनकडे न पाहतां दाराकडे पाहत होते. पेटी आली तेव्हां तिची एक बाजू घांसलेली होती. त्यांनीं तेथेंच, भिंतीशीं बसून, चेन उघडली व एकेक क्लब बाहेर काढून मोजला. मला आलेला निरोप एका शब्दाचा होता: "दहा."

तीन दिवसांच्या खेळांत तिचा क्रमांक अकरावा लागला. दुसऱ्या दिवशीं तिचा ड्रायव्हर उत्तम चालला, असें वडिलांचें म्हणणें. तिचें म्हणणें, पटरनें दगा दिला. यांत पेटीचा संबंध नसल्यामुळें मी मत देत नाहीं.

परतींच्या प्रवासांत मात्र पेटीला चांगलाच मार बसला. एक चाक तडकलें, आणि घरीं आल्यावर उघडून पाहतात तों काठीच्या टोपणाचे दोन तुकडे. ड्रायव्हरला ओरखडाहि नव्हता. तें टोपण मीं मागून घेतलें; नववीला आघाताचा पाठ शिकवितांना मी तें वर्गांत फिरवितों, आणि टेबलावर ठेवलेल्या कोणत्याहि आकृतीपेक्षां मुलें त्याच्याकडे अधिक वेळ पाहतात. नवीन टोपण दुकानदारानें कुरकुर न करतां दिलें. चाक मिळेना, तेव्हां वडिलांनीं मुलांच्या स्केटचें एक चाक आणून बसविलें. तें मूळच्या चाकाहून बरें फिरतें. घांसलेल्या बाजूवर मैदानाबाहेरच्या मोच्याकडून कातड्याचें ठिगळ लावून घेतलें, त्याला शिवण चौकोनांत फुलीची.

त्यांच्या घरांत चार फूट लांबीची वस्तु ठेवावयास जागा नाहीं, म्हणून पेटी प्रयोगशाळेच्या कपाटामागें उभी असते. येत्या हिवाळ्यांत चंदीगडला जावयाचें आहे, आणि त्याच बाईंनीं आणखी दोन क्लब पाठविले आहेत. गेल्या शुक्रवारीं शाळा सुटल्यावर बाप-लेक ते घेऊन आलीं. नमस्कार झाला, चहा नको म्हणून झालें, आणि मी कांहीं विचारण्यापूर्वींच मुलीनें बाराहि क्लब तराजूवर ठेविले. ४ किलो ५०० ग्रॅम. वडिलांनीं आंकडा माझ्या वहींत लिहावयास लाविला व तिला विचारलें, "मग कपडे किती न्यायचे?"